निजामी सडकेवरची अमेरिकन मोटार

धाराशिव जिल्ह्यातील मोटारीचा इतिहास रेल्वेच्या अभावापासून सुरू करावा लागतो. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फूट मापाची अरुंद लोहमार्गिका १८९७ मध्ये कुर्डुवाडीकडून बार्शीपर्यंत आली आणि १९११ मध्ये लातूरला पोचली. वाटेत येडशी तिच्यावर आले, पण जिल्ह्याचे मुख्य ठिकाण तिने बाजूलाच ठेवले. तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, परंडा ही गावेही लोहमार्गाबाहेरच राहिली. खुद्द शहराला रेल्वे स्थानक मिळाले ते मार्गाचे रुंदीकरण होऊन त्याची आखणी बदलल्यावर, म्हणजे २००७-०८ च्या सुमारास. तोवर मोटारीचे अख्खे शतक उलटून गेले होते. ज्या प्रदेशात आगगाडी घराजवळ येत नाही तिथे मोटार ही केवळ हौसेची वस्तू राहू शकत नाही, आणि या जिल्ह्यातील अमेरिकन मोटारीची कथा समजून घेताना हे प्रथम ध्यानात ठेवावे लागते, कारण आज जुनी डॉज किंवा शेवरलेट सांभाळणाऱ्या हौशी माणसाला ज्या अडचणी येतात त्यांची मुळे त्या काळच्या गरजेत आहेत. (शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे धाराशिव झाले; निजामी काळासंबंधी पुढील विवेचनात तेव्हा रूढ असलेले उस्मानाबाद हे नाव वापरले आहे.)

१९२० च्या दशकात भारतात येणाऱ्या मोटारींमध्ये ब्रिटिश मोटारींपेक्षा अमेरिका व कॅनडा येथून आलेल्या मोटारींचे प्रमाण मोठे होते. साम्राज्य ब्रिटनचे आणि मोटार अमेरिकेची, या विसंगतीचे कारण करपद्धतीत सापडते. ब्रिटनमध्ये १९२१ पासून मोटारीवर अश्वशक्तीनुसार कर बसू लागला आणि ती अश्वशक्ती सिलिंडरच्या व्यासावरून मोजली जात असल्यामुळे तिथले कारखानदार बारीक सिलिंडरची, वेगाने फिरणारी लहान इंजिने बनवू लागले. अशी इंजिने डांबरी रस्त्यावर ठीक चालत, परंतु चिखलातून सावकाश ओढून काढण्याचे बळ त्यांच्यात कमी पडे. अमेरिकेतील शेतकऱ्याचे रस्तेच मुळी कच्चे होते, त्यामुळे तिथली मोटार जमिनीपासून उंच, लवचीक स्प्रिंग-पाट्यांची आणि मोठ्या पण मंदगती इंजिनाची झाली. बालाघाटाच्या पठारावरील काळी माती पावसाळ्यात चाकाला कशी चिकटते आणि उन्हाळ्यात तिच्या भेगा किती रुंद होतात, हे डेट्रॉइटमधील अभियंत्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. तरीही त्यांनी बनविलेले यंत्र या मातीला मानवले.

या घराण्याची मूळ मोटार म्हणजे फोर्डची मॉडेल टी. १९०८ ते १९२७ या काळात तिचे दीड कोटींहून अधिक नग बनले. चार सिलिंडर, सुमारे २.९ लिटरचे इंजिन आणि २० अश्वशक्ती एवढीच तिची पुंजी होती. तिला पाण्याचा पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर चढते व थंड पाणी खाली उतरते, या तत्त्वावरच रेडिएटरचे काम चाले. पेट्रोलचा पंपही नव्हता, टाकीतले पेट्रोल उतारानेच कार्बोरेटरकडे (हवा व पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागाकडे) जाई, आणि म्हणून टाकी अर्धवट रिकामी असताना मोठा चढ लागला की इंधन पुढे पोचेना. त्यावर सर्वत्र रूढ झालेला उपाय म्हणजे मोटार वळवून उलट्या गिअरमध्ये चढ चढणे. सोलापूरकडून तुळजापूरला येताना जो घाट लागतो तो पाहिला की या उपायाचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. गाडी सुरू करायला पुढून हँडल मारावे लागे, आणि ठिणगीची वेळ मागे घेण्याची दांडी विसरली तर इंजिन उलटे झटकून मनगट मोडे. त्यामुळे हँडल धरताना अंगठा बोटांच्या विरुद्ध बाजूस न घेता त्यांच्याच बाजूला ठेवण्याची शिस्त जगभरच्या क्लीनरांना शिकावी लागली, आणि आजही अशी गाडी चालवू पाहणाऱ्याला पहिला धडा हाच मिळतो.

भारतात आलेली फोर्ड बहुधा थेट अमेरिकेची नसे. ब्रिटनखेरीज साम्राज्यातील बाजारपेठ फोर्डच्या कॅनडातील कंपनीकडे सोपविलेली होती; तिथे उजव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्या बनत, आणि साम्राज्यांतर्गत व्यापाराच्या सवलतीही कॅनडाच्या मालाला अनुकूल होत्या. याच कॅनडियन कंपनीची शाखा म्हणून १९२६ मध्ये फोर्ड इंडिया स्थापन झाली. पाठोपाठ जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईला शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. जुळणी म्हणजे सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने आणून गाडी इथे उभी करणे. डिसेंबर १९२८ मध्ये तिथून बाहेर पडलेली शेवरलेट ‘नॅशनल’ ही भारतात जुळविलेली पहिली मोटार मानली जाते.

शिवडीची मोटार उस्मानाबादेत यायची तर तिला एक सरहद्द ओलांडावी लागे. सोलापूर ब्रिटिश मुलखात होते आणि तिथून पंचेचाळीस किलोमीटरवरचे तुळजापूर हैदराबादच्या निजामाच्या राज्यात. त्या राज्याचे स्वतःचे जकात खाते होते, त्याला करोडगिरी म्हणत, आणि बाहेरून येणाऱ्या मालावर साधारण शेकडा पाच जकात पडे. नाणेही वेगळे होते: इंग्रजी रुपयाला कलदार आणि निजामी रुपयाला हाली म्हणत, व शंभर कलदार घ्यायला सुमारे ११६ हाली मोजावे लागत. सोलापूरला मुंबईची रेल्वे एकोणिसाव्या शतकातच आली होती आणि तिथल्या कापड गिरण्यांमुळे लेथवर काम करणारे टर्नर व फिटर त्या शहरात तयार झाले होते, त्यामुळे सुटे भाग आणि कसबी हात या दोन्हींसाठी सरहद्दीपलीकडे पाहणे साहजिक होते. एखादे बेअरिंग आणायचे तरी दोन राज्ये आणि दोन नाणी मध्ये येत. जे गावात घडविता येईल ते बाहेरून न आणण्याची वृत्ती या परिस्थितीतून बळावली असली तर नवल नाही.

आणि घडविता येण्यासारखे पुष्कळ होते. मॉडेल टी व तिच्या समकालीन गाड्यांची चाके लाकडी आऱ्यांची असत. कोरड्या हवेत आरे आकसून करकरू लागले की काय करावे, हे बैलगाडीचे चाक बांधणाऱ्या सुताराला व त्यावर लोखंडी धाव चढविणाऱ्या लोहाराला नव्याने शिकवावे लागत नव्हते. शेवरलेटची बॉडी वरून पत्र्याची दिसे, पण आतला सांगाडा लाकडाचा असे. तो थंड प्रदेशातील लाकडाचा सांगाडा इथल्या वाळवीपुढे टिकत नसे, म्हणून त्याच्या जागी साग बसविला जाई, आणि आजही अशी गाडी उभी करणाऱ्याला गॅरेजइतकीच सुताराची गरज भासते. इंजिनातील बेअरिंगेही अनेकदा आजच्यासारखी तयार मिळणारी नसून बॅबिट ओतून केलेली असत. बॅबिट म्हणजे कथील, अँटिमनी व तांबे यांचा मऊ मिश्रधातू. तो वितळवून कनेक्टिंग रॉडमध्ये ओतायचा, थंड झाल्यावर शाफ्टला निळा रंग लावून फिरवून पाहायचा, जिथे रंग लागेल तिथे हाताने खरवडायचे, आणि पुन्हा बसवून पाहायचे. रॉड व त्याची टोपी यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या चकत्या घातलेल्या असत. बेअरिंग झिजून इंजिन ठोकू लागले की एक चकती काढली, की अंतर भरून निघे. हे काम रस्त्याच्या कडेला, झाडाखाली, ऑइल पॅन उतरवून करता येई. शेवरलेटने १९३७ ते १९५३ या काळात वापरलेल्या २१६ घनइंची इंजिनातसुद्धा रॉडची बेअरिंगे ओतीव बॅबिटचीच होती, आणि त्यांना तेल मिळे ते रॉडच्या टोकाला असलेल्या पळीने उडविलेल्या शिंतोड्यांतून. अशा गाडीला आज चांगला रस्ता मिळाला म्हणून वेगाने पळविणे म्हणजे तिचे आयुष्य संपविणे होय.

मापाचा प्रश्न मात्र चिवट होता. मराठी कारागीर इंचाचे आठ भाग करून त्या प्रत्येकाला सूत म्हणतो. अर्धा इंच म्हणजे चार सूत. अमेरिकन पान्यावरचे माप नटाच्या दोन समोरासमोरच्या बाजूंमधील अंतराचे असते, तर जुन्या ब्रिटिश व्हिटवर्थ पद्धतीत पान्यावर बोल्टच्या जाडीचे माप लिहिलेले असते, त्यामुळे दोन्ही पान्यांवर ‘चार सूत’ असूनही एकाचा नट दुसऱ्यात बसत नाही. ज्या गॅरेजात ब्रिटिश बस आणि अमेरिकन मोटार शेजारी उभ्या असत तिथे पान्यांचे दोन संच लागत, आणि पुढे दशमान पद्धती आल्यावर तिसरा. नटाच्या कडा झिजवून गोल करणाऱ्या उमेदवारांच्या कित्येक पिढ्या या गोंधळातून गेल्या.

हैदराबाद संस्थानाने १९३२ मध्ये रेल्वेच्याच अंतर्गत रस्ते वाहतूक खाते काढले आणि २७ बसगाड्यांनिशी प्रवासी वाहतूक सरकारी हाती घेण्यास आरंभ केला. या बस स्कॉटलंडच्या आल्बियन कंपनीच्या होत्या. पाठोपाठ आलेल्या महायुद्धाने मोटार या वस्तूचेच रूप बदलले. पेट्रोलवर नियंत्रण आले आणि देशभर मोटारींच्या मागे कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या दिसू लागल्या. कोळसा अर्धवट जाळून निघणारा ज्वालाग्राही वायू गाळून इंजिनाला दिला जाई. गाडीचे बळ बरेच घटे, सुरू करण्याआधी भट्टी पेटवून वाट पाहावी लागे, आणि राख सिलिंडरमध्ये जाऊन लाइनर खराब होत. तरी मोठ्या सिलिंडरचे, कमी दाबाचे अमेरिकन इंजिन हा अत्याचार सोसून गेले. युद्ध संपल्यावर अमेरिकी सैन्याने भारतात मागे ठेवलेल्या जीपा व मालमोटारी लिलावात निघाल्या. त्यांना ‘डिस्पोजलचा माल’ म्हणत, आणि तो शब्द मराठी गॅरेजांतून पुढे अनेक वर्षे टिकला.

याच सुमारास अमेरिकन मोटारीला एक मराठी मुलखातला पत्ता मिळाला. १८८२ मध्ये सोलापुरात जन्मलेले उद्योगपती वालचंद हिराचंद यांनी मोटारीच्या कारखान्यासाठी अमेरिकन कंपन्यांशी बोलणी केली आणि अखेर क्रायस्लरशी त्यांचे जमले. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. डॉज, प्लिमथ आणि डीसोटो ही नावे वेगवेगळी दिसली तरी कुर्ल्यात जुळविलेल्या या मोटारी बऱ्याच अंशी एकच गाडी होती. जाळी, चिन्ह आणि सजावट बदलली की नाव बदले. मालमोटारींतही डॉज आणि फार्गो यांचे नाते असेच होते. जुन्या गाडीच्या आजच्या मालकाला ही गोष्ट सुखाची वाटते, कारण प्लिमथचा भाग डॉजला चालतो, आणि फार्गो ट्रकच्या सांगाड्यातून काढलेली वस्तूही अनेकदा उपयोगी पडते.

१९४८ च्या सप्टेंबरात सोलापूर–हैदराबाद सडकेने अमेरिकन यंत्रांची मोठी रांग पाहिली. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखालील भारतीय सैन्य सोलापूरकडून संस्थानात शिरले. नळदुर्गजवळ बोरी नदीवरचा पूल उडविला जाण्यापूर्वीच हाती आला, जळकोट घेतले गेले आणि त्याच दिवशी दुपारी तुकड्या उमरग्यापर्यंत पोचल्या. या सैन्यात अमेरिकन बनावटीचे शर्मन रणगाडे होते. पोलीस कारवाई म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या मोहिमेचा राजकीय इतिहास विपुल लिहिला गेला आहे. परंतु एका दिवसात साठ किलोमीटर आत जाणे ही गोष्ट मोटारीच्या आणि त्या निजामी सडकेच्या बळावर घडली, हे वाहतुकीच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवायला हवे.

अमेरिकन मोटारीचा पुरवठा आटला तो कागदावरच्या निर्णयाने. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशींनंतर केंद्र सरकारने असे धोरण घेतले की, ज्यांच्याकडे भाग इथेच तयार करण्याचा कार्यक्रम आहे अशाच कंपन्यांनी देशात राहावे. फोर्ड व जनरल मोटर्स यांनी जुळणी थांबविली आणि नव्या शेवरलेटबरोबर तिचे सुटे भागही दुर्मीळ झाले. इथून पुढचा काळ मिस्त्रीचा. मोठे पेट्रोल इंजिन परवडेनासे झाले तेव्हा अनेक गाड्यांत डिझेल इंजिने बसली. मद्रासच्या सिम्पसन कंपनीने बनविलेली पर्किन्स इंजिने ट्रकांत सर्रास आली, आणि पुढे जीपांत मॅटाडोरसारख्या गाड्यांची इंजिने बसविण्याची रीत पडली. सहा व्होल्टची बॅटरी जाऊन बारा व्होल्टची आली. गिअरबॉक्स एका गाडीचा, ॲक्सल दुसऱ्या गाडीचा, कार्बोरेटर तिसरीचा, अशी जुळवाजुळव करून गाडी चालती ठेवणे हेच कसब मानले गेले, आणि ज्या गाड्यांची अशी जुळवाजुळव झाली नाही त्या बहुतेक भंगारात गेल्या.

जीपची वाट थोडी निराळी. महिंद्र कंपनीने १९४० च्या दशकाच्या अखेरीस विलीज जीपची मुंबईत जुळणी सुरू केली आणि पुढे परवान्याखाली उत्पादन केले. पेट्रोलची जीप डिझेलची झाली, आखूड सांगाडा लांब झाला, कमांडर नावाची गाडी निघाली, आणि तीच मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत काळी-पिवळी म्हणून माणसांनी ओसंडून धावू लागली. टपावर पोती, मागच्या फळीवर उभे प्रवासी, आणि क्लीनर बाहेर लोंबकळत: अमेरिकन सैन्यासाठी युद्धकाळात आखलेल्या गाडीचा हा वंशज होता, याची जाणीव त्यात बसलेल्यांपैकी क्वचितच कुणाला असेल. व्हिंटेज गाड्यांच्या संग्राहकांनी राजेरजवाड्यांच्या रोल्स-रॉइसवर जितके लक्ष दिले त्याचा दहावा हिस्साही या वंशावळीकडे दिलेला नाही, आणि ही उपेक्षा खटकण्याजोगी आहे.

‘व्हिंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. एखाद्या वर्षीच्या द्राक्षापासून झालेल्या मद्याला तो लावीत. धाराशिव–तुळजापूर भागात द्राक्षबागा असल्या तरी हा अर्थ इथे रुजला नाही, शब्द मात्र मोटारीबरोबर आला. ब्रिटिश हौशी मंडळांच्या काटेकोर परिभाषेत १९१९ ते १९३० मधील गाडीलाच व्हिंटेज म्हणतात. भारतातील कायद्याने वयाची वेगळी अट घातली: केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत जी तरतूद केली तिच्यानुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेले दुचाकी किंवा चारचाकी वाहन व्हिंटेज ठरते. त्याची वेगळी नोंदणी वीस हजार रुपये शुल्क भरून दहा वर्षांसाठी होते आणि क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे येतात. म्हणजे धाराशिवच्या गाडीवरचा ‘एमएच २५’ हा जिल्ह्याचा ओळखीचा क्रमांक इथे गळून पडतो. अशा गाडीचा व्यावसायिक किंवा नित्य वापर करता येत नाही.

खरी मेख पुढच्या अटीत आहे. गाडी मूळ स्वरूपात असली पाहिजे, तिच्या सांगाड्यात, बॉडीत किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. रोल्स-रॉइस राजवाड्याच्या तबेल्यात झाकून ठेवलेली असते, तिला ही अट पाळणे सोपे जाते. परंतु जी मोटार आडगावच्या सडकेवर राबली ती टिकली याचे कारणच मुळी तिच्यात फेरफार झाला हे आहे. डिझेल इंजिन बसले म्हणून १९४८ ची फार्गो १९८० पर्यंत चालली. आता त्याच इंजिनामुळे ती व्हिंटेज ठरत नाही. तिच्या हौशी मालकापुढे दोनच मार्ग उरतात. एक तर देशभरच्या भंगार बाजारांतून मूळ इंजिन शोधून ते बसवायचे, म्हणजे जुन्या मिस्त्रीने केलेले काम पुसून टाकायचे, किंवा गाडी आहे तशी ठेवून साध्या जुन्या वाहनाच्या नियमांखाली तिचे नूतनीकरण करीत राहायचे. मूळपणाची ही कल्पना संग्रहालयातून आलेली आहे, आणि तिच्यात दुरुस्तीच्या इतिहासाला जागा नाही. ज्या प्रदेशात मोटारीची कथा म्हणजे दुरुस्तीचीच कथा आहे तिथे हा नियम अपुरा वाटतो.

जी गाडी मूळ रूपात चालते तिला सांभाळणे हे रोजचे काम आहे. जुन्या गिअरबॉक्सात दात आपोआप जुळविणारी योजना नसते, म्हणून खालचा गिअर टाकताना क्लच दाबून गाडी न्यूट्रलमध्ये आणायची, क्लच सोडून थोडा ॲक्सिलरेटर द्यायचा, पुन्हा क्लच दाबून गिअर टाकायचा. हा क्रम चुकला की दातांचा खरखराट रस्ताभर ऐकू जातो. फोर्डने १९३८ पर्यंत तेलाचे ब्रेक न देता दांड्यांचे किंवा तारांचेच ब्रेक ठेवले होते, त्यांचा ताण चारही चाकांना सारखा राखावा लागतो, नाहीतर गाडी ब्रेक दाबताच एका बाजूला ओढते. तेलाचे ब्रेक ज्यांना होते त्यांचे तेलही आरंभी एरंडेल व मद्यार्क यांच्या मिश्रणाचे असे. वैशाखात पारा बेचाळीसवर गेला की फोर्डच्या व्ही-आठ इंजिनावर बसविलेल्या पंपातच पेट्रोलची वाफ होऊन गाडी अडते. पंपावर ओले फडके गुंडाळणे हा त्यावरचा जुना इलाज अजूनही चालतो. काळ्या खडकातील विहिरीचे जड पाणी रेडिएटरमध्ये घातले तर क्षार साचून नळ्या बुजतात, हे कळायला एक उन्हाळा पुरेसा होतो.

इंधनाचे प्रश्न त्याहून नवे आहेत. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले आणि शिशाच्या आधारावर टिकणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या बैठका झिजू लागल्या, म्हणून तिथे कठीण धातूच्या कड्या बसवून घ्याव्या लागतात. २०२५ पर्यंत पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर पोचले. इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून किंवा रसापासून गाळलेला मद्यार्क, आणि उसाचे कारखाने असलेल्या या जिल्ह्याला तो परका नाही. तो हवेतले पाणी शोषतो, जुन्या रबरी नळ्या व पंपाचे पडदे फुगवतो. काही जुन्या कार्बोरेटरांत पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा कॉर्कचा असून त्यावर लाखेचा लेप असतो. लाख मद्यार्कात विरघळते, हे लाकडाला पॉलिश करणारा कोणताही सुतार सांगेल. लेप गेला की कॉर्क पेट्रोल पिऊन जड होतो, बुडतो आणि कार्बोरेटर ओसंडून वाहू लागतो. गंमत अशी की, नियमानुसार व्हिंटेज गाडी ज्या थोड्या कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, त्यांत प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास आणि देखभाल यांच्याबरोबर पेट्रोल भरून आणणे हेही एक कारण नमूद केलेले आहे.